धागा: थ्रॉटल सेन्सर चुकीचं सांगायला लागला की ईसीयू काय करतो?

वायरिंग_पेटी

चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०१२१ किंवा पी०१२२ आला की पहिला हात थ्रॉटल सेन्सर (इंजिनाची हवेची वाट किती उघडली ते सांगणारा) बदलण्याकडे जातो. नवा सेन्सर बसतो, कोड उडवला जातो, आठ दिवसांत तोच कोड परत येतो. कोडमध्ये सेन्सरचं नाव असलं तरी ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, सेन्सर दिसतच नाही, त्याला फक्त एक व्होल्टेज दिसतं. ते व्होल्टेज सेन्सर, तीन वायरी, कपलर आणि ईसीयूचा स्वतःचा ५ व्होल्टचा पुरवठा या सगळ्यांनी मिळून तयार होतं. त्यातलं कोण बिघडलंय हे ईसीयू सांगत नाही, ते आपण शोधायचं. धागा त्यासाठीच.

आधी साधा, केबलच्या गाडीतला (जिथे पेडल केबलने प्लेट ओढतं) टीपीएस, म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर घेऊ. बटरफ्लायच्या, म्हणजे हवा अडवणाऱ्या प्लेटच्या दांड्याला जोडलेला फिरता रेझिस्टन्स, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचा तसाच. एका वायरीवर ईसीयूकडून ५ व्होल्ट, दुसरी अर्थची (ग्राउंड), तिसरी सिग्नलची. प्लेट बंद असताना सिग्नल ०.५ व्होल्टच्या आसपास, पूर्ण उघडल्यावर ४ ते ४.७. तळाला शून्य आणि माथ्याला पूर्ण ५ मुद्दाम ठेवलेले नाहीत. वायर तुटली किंवा कुठे चिकटली तर सिग्नल शून्यावर नाहीतर ५ वर जातो, आणि चांगला सेन्सर त्या दोन टोकांना कधीच जात नाही. म्हणून साधारण ०.२ च्या खाली किंवा ४.८ च्या वर काही आलं की ईसीयू ते प्लेटचं माप म्हणून घेतच नाही.

झिजायची जागाही ठरलेली असते. गाडी बहुतेक वेळ आयडल ते पाव थ्रॉटल एवढ्यातच चालते, आपल्या सोलापूरच्या सात रस्ता चौकाच्या गर्दीत तर त्याहूनही कमी. कार्बनच्या पट्टीवर आतला ब्रश तेवढ्याच भागात पुढेमागे घासत राहतो. सेन्सर उघडून पाहिला तर काळ्या पट्टीवर त्या ठिकाणी चकचकीत चर पडलेला दिसतो, फार झिजला असेल तर खालचा पायाही उघडा पडतो. ब्रश त्या जागेवरून गेला की सिग्नल काही मिलिसेकंदांपुरता गायब होतो. चालवणाऱ्याला ते सारख्या वेगात जाताना बसणारे बारीक झटके म्हणून जाणवतं. पूर्ण रेस दिली की मात्र गाडी छान पळते, कारण पट्टीचा वरचा भाग जवळपास नवा असतो.

कॅलिब्रेशन_टेबल

चांगला विषय. ईसीयूच्या आत काय होतं तेवढं मी लिहितो.

व्होल्टेजचा आकडा करणारा १० बिटचा कन्व्हर्टर असेल तर ५ व्होल्टचे १०२४ भाग होतात, एक भाग साधारण ४.९ मिलिव्होल्टचा. ०.५ व्होल्ट म्हणजे १०२ च्या जवळचा आकडा. सेन्सरला जाणारे ५ व्होल्ट आणि कन्व्हर्टरचा संदर्भ एकच असतो, त्यामुळे पुरवठा ४.९ झाला काय आणि ५.१ झाला काय, गुणोत्तर बदलत नाही. मीटरवर ४.९३ दिसलं म्हणून ईसीयूवर संशय घेऊ नका.

पहिली चाचणी हद्दीची. सिग्नल खालच्या हद्दीखाली गेला की पी०१२२, वरच्या हद्दीवर गेला की पी०१२३. एका क्षणाच्या उडीवर कोड पडत नाही, ठरावीक वेळ सिग्नल बाहेर राहावा लागतो. मधूनमधून तुटणाऱ्या सिग्नलसाठी पी०१२४ आहे. पट्टीवरचा बारीक चर कितीतरी वेळा या चाळणीतून निसटतो, म्हणून झटके बसत असूनही कोड नाही अशी गाडी सापडते.

दुसरी चाचणी ताळमेळाची, पी०१२१ ती. यात व्होल्टेज हद्दीतच असतं, पण बाकीच्या सेन्सरांशी जुळत नाही. समजा इंजिन ३००० आरपीएमवर आहे, एमएपी (मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीतला दाब मोजणारा सेन्सर) ८५ किलोपास्कल सांगतोय आणि टीपीएस म्हणतोय प्लेट बंद. प्लेट खरंच बंद असती तर त्या आरपीएमला मॅनिफोल्डमधला दाब ३० च्या आसपास उतरला असता. दोघांतला एक चुकतोय हे ईसीयूला कळतं, आणि कोण चुकतोय हे ठरवायला तो आरपीएम, हवेचं तापमान, एअरफ्लो मीटर असेल तर त्याचं माप, सगळं धरून हिशोब करतो.

इथे आपल्या गावाचा एक मुद्दा. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंचीवर आहे. की ऑन, इंजिन बंद ठेवून एमएपी वाचला तर इथे ९५-९६ किलोपास्कल दिसायला हवेत. पुस्तकातले १०१ समुद्रकाठचे. ९६ बघून एमएपी बदलू नका. ८५ किंवा १०४ दिसले तर मात्र आधी एमएपीकडे बघा, कारण एमएपीच खोटं बोलत असेल तर आळ टीपीएसवर येतो.

सेन्सर नाकारल्यावर ईसीयू पर्यायी किंमत घेतो. साध्या ईसीयूत ती ठरावीक आकडा असते, जरा बऱ्या ईसीयूत एमएपी आणि आरपीएमवरून काढलेला अंदाज. तपासताना हमखास फसवणारी गोष्ट हीच आहे: स्कॅनरवर दिसणारी थ्रॉटलची टक्केवारी पुष्कळदा हा पर्यायी आकडा असतो. कपलर काढून ठेवला तरी टक्के दिसतात. म्हणून टक्क्यांची ओळ सोडा, व्होल्टची ओळ वाचा.

पाना_दहा_बारा

केबलच्या गाडीत चालवताना काय जाणवतं ते जोडतो.

एमएपीवर चालणाऱ्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाडीत पेट्रोल किती द्यायचं हे मुळात एमएपी आणि आरपीएमवर ठरतं. त्यामुळे टीपीएस पूर्ण मेला तरी गाडी चालू राहते. जातो तो पिकअप. रेस दाबल्याबरोबर हवा लगेच आत शिरते, पण पेट्रोलचा काही भाग मॅनिफोल्डच्या भिंतीला चिकटून मागे राहतो. ती तूट भरायला ईसीयू टीपीएस किती वेगाने बदलतोय ते पाहून क्षणभर जादा पेट्रोल मारतो, कार्बोरेटरमधला अ‍ॅक्सिलरेटर पंप करायचा तेच काम. सिग्नल नसला की ते जादा पेट्रोल मिळत नाही किंवा उशिरा मिळतं, आणि गाडी आधी गुदमरते मग उचलते.

शिवाय ईसीयू काही कामं स्वतःहून सोडून देतो. उतारावर पाय काढल्यावर इंजेक्टर बंद करणं थांबवतो, कारण पाय खरंच काढलाय की नाही याची खात्री नसते. म्हणून सेन्सर गेल्यावर अ‍ॅव्हरेज पडतं. पूर्ण रेसला एसीचा कॉम्प्रेसर सोडणं काही गाड्यांत बंद होतं. आयडलही नीट सांभाळत नाही, कारण प्लेट बंद आहे हे कळल्याशिवाय आयडलचा कंट्रोल सुरूच होत नाही.

आता शिकलेल्या शून्याबद्दल, याच्याकडे फार कमी जण बघतात. ज्या सेन्सरला फिरवून सेट करायची सोय नाही, त्यात ईसीयू की ऑन केल्यापासून दिसलेलं सगळ्यात कमी व्होल्टेज म्हणजे 'प्लेट बंद' असं धरतो. समजा खरं बंद व्होल्टेज ०.५२ आहे. पट्टीच्या चरामुळे एकदाच क्षणभर ०.३५ दिसलं तर ईसीयूचा शून्य ०.३५ झाला. यापुढे ०.५२ दिसलं की त्याला वाटतं पाय थोडा रेसवर आहे. चौकातल्या सिग्नलला पाय काढला तरी आरपीएम १३००-१४०० वर लटकून राहतात, गाडी बंद करून पुन्हा चालू केली की सगळं सुरळीत. असं वागणारी गाडी आयडल वॉल्व्ह बदलून बरी होत नाही.

दुसरं, स्टार्टर जोरात फिरतोय, स्पार्क आहे, पंप चालतोय, पण इंजिन घेत नाही. ओव्हरफ्लो झालेलं इंजिन साफ करायला बऱ्याच ईसीयूत एक सोय असते: रेस पूर्ण दाबून स्टार्टर मारला तर इंजेक्टर बंद राहतात. सेन्सर ४.३ व्होल्टवर अडकला असेल तर ईसीयूला वाटतं पाय पूर्ण दाबलाय. टीपीएसचा कपलर काढून स्टार्टर मारून बघा. गाडी सुरू झाली तर दुखणं सापडलं, कारण कपलर काढल्यावर सिग्नल हद्दीबाहेर जातो आणि ईसीयू पर्यायी किमतीवर येतो.

सात_रस्ता

हे झालं चारचाकीचं. बीएस-६ दुचाकीला हेच लागू पडतं का ओ? तिथे टीपीएस गेला की गाडी फारच बिघडते असं दिसतं.

पाना_दहा_बारा

बिघडते, आणि त्याला कारण आहे. एकच सिलिंडर असला की मॅनिफोल्डमधला दाब प्रत्येक सक्शनला खाली उडी मारतो आणि परत वर येतो. थ्रॉटल थोडा उघडा असेपर्यंत एमएपीवरून हिशोब जमतो. जास्त उघडला की दाब जवळपास बाहेरच्या हवेएवढा होतो आणि एमएपीला पुढचा फरकच कळत नाही. म्हणून तिथे पेट्रोल थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम यांच्या टेबलवरून ठरतं. कारमध्ये टीपीएस मदतनीस आहे, दुचाकीत अर्धा कारभारी. तो गेला की खालच्या आरपीएमला गाडी कशीबशी चालते आणि वर गेली की अडखळते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल दुचाकी इंजेक्शनवर गेल्या, त्यामुळे हा विषय आता प्रत्येक गल्लीतल्या गॅरेजचा आहे. पुष्कळ मॉडेलांत टीपीएस, एमएपी आणि हवेच्या तापमानाचा सेन्सर एकाच डबीत बसवलेले असतात. तिथे थ्रॉटल, एमएपी आणि तापमान असे तीन कोड एकदम आले तर तिन्ही सेन्सर एकाच दिवशी मेले असं समजू नका. डबीचा समाईक अर्थ किंवा ५ व्होल्ट आधी बघा.

स्कॅनर नसेल तर दिव्याच्या लुकलुकीवरून कोड मोजता येतो. होंडाच्या पीजीएम-एफआय पद्धतीत ८ लुकलुकी म्हणजे थ्रॉटल सेन्सर, १ म्हणजे एमएपी. लांब लुकलुक १० ची, आखूड १ ची. दुसऱ्या कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, ते हिच्यावरून लावू नका.

आणि थ्रॉटल बॉडीवर रंगाचा ठिपका लावलेला स्क्रू असतो त्याला पाना लावू नका. कारखान्यात हवेचं माप घेऊन तो बसवलेला असतो. स्लो वाढवायला तो फिरवला की शून्य व्होल्टेज सरकतं आणि एका बिघाडाचे दोन होतात.

होटगी_रोड

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये पी२१३५ आला की गाडी १५०० च्या पुढे जातच नाही. तिथे तर दोन सेन्सर असतात ना? एक गेला तर दुसऱ्यावर का नाही चालत?

कॅलिब्रेशन_टेबल

कारण तिथे ईसीयू नुसता वाचत नाही, प्लेट तोच हलवतो. केबलच्या गाडीत सेन्सर चुकला तर पेट्रोल चुकेल. इथे सेन्सर चुकला तर गाडी आपोआप पळेल. म्हणून इथला नियम कडक: शंका आली की ताकद काढून घ्यायची.

थ्रॉटल बॉडीला बहुधा सहा पिना असतात. दोन मोटरच्या, एक ५ व्होल्ट, एक अर्थ, दोन सिग्नल. एका प्रकारात एक सिग्नल चढतो आणि दुसरा उतरतो, बेरीज कायम ५ च्या जवळ. प्लेट जवळपास बंद असताना ०.७ आणि ४.३, मध्यावर २.५ आणि २.५. पेडलला वेगळे दोन सेन्सर असतात, तिथे बहुतेक दुसरा पहिल्याच्या निम्मा: पाय वर असताना ०.८ आणि ०.४, पूर्ण दाबल्यावर ४.० आणि २.०. दोन्ही सेन्सर सारखे का नाही ठेवले? दोन सिग्नल वायरी एकमेकींना चिकटल्या तर दोन्हीवर सारखंच व्होल्टेज येईल. सेन्सर सारखे असते तर ईसीयूला ते बरोबरच वाटलं असतं. उतार वेगळे ठेवल्यामुळे ही चूक लपत नाही.

आता तुमचा प्रश्न. दोनपैकी एक सिग्नल हद्दीबाहेर गेला, म्हणजे पी०१२२, पी०१२३ किंवा दुसऱ्यासाठी पी०२२२, पी०२२३ आला, तर कोण चुकतोय ते स्पष्ट असतं. मग बऱ्याच गाड्या उरलेल्या सिग्नलवर चालतात, तो एअरफ्लो किंवा एमएपीशी ताडून बघतात आणि ताकद मर्यादित ठेवतात. पी२१३५ मध्ये दोन्ही सिग्नल हद्दीत असतात पण एकमेकांशी जुळत नाहीत. खरा कोण हे दोन साक्षीदारांतून ठरत नाही. ईसीयू मोटरचा पुरवठा काढून घेतो.

पुरवठा गेल्यावर प्लेट पूर्ण बंद होत नाही. आत दोन बाजूंनी ओढणारी स्प्रिंग असते, ती प्लेटला थोडी उघडी, काही अंशांवर आणून ठेवते. तेवढ्या हवेवर इंजिन बऱ्याच गाड्यांत १२०० ते १५०० आरपीएमवर फिरतं आणि गाडी सावकाश रस्त्याकडेला नेता येते. आरपीएम त्यावर चढायला लागले तर ईसीयू इंजेक्टर बंद करून खाली आणतो. काही गाड्यांत याच अवस्थेत पेडलचा उपयोग उरतो: प्लेट तशीच, पण पेडल बघून इग्निशन मागेपुढे करून आणि काही सिलिंडरांचं पेट्रोल तोडून थोडा वेग दिला जातो. तेव्हा इंजिन मिसिंग करतंय असं वाटतं. कॉइल आणि प्लग चांगले असतात, ते बदलू नका.

पेडलचंही असंच. एक सिग्नल गेला तर ताकद कमी आणि रेस हळू चढते. दोघांत ताळमेळ नसला तर पी२१३८. दोन्ही गेले तर पेडल मेलेलं धरून फक्त वाढीव आयडल. ब्रेक आणि रेस एकदम दाबली तर ब्रेकला मान असतो, म्हणून ब्रेकचा स्विच अडकला असेल तरी गाडी ओढत नाही आणि थ्रॉटलवर संशय जातो. स्कॅनरवर ब्रेक स्विचची ओळ एकदा बघून घ्या.

डिझेल_अण्णा

डिझेलवाल्यांनी हे जसंच्या तसं लावू नये. कॉमन रेलमध्ये इंजिनावर थ्रॉटल फ्लॅप असतो, पण रेस त्याच्याकडून येत नाही. पेडलच्या दोन सेन्सरवरून ईसीयू किती डिझेल मारायचं ते ठरवतो. फ्लॅपचं काम ईजीआरला (धुराचा काही भाग परत इंजिनात नेणाऱ्या वाटेला) ओढ देणं, डीपीएफ म्हणजे काजळीचा फिल्टर साफ होताना (रिजनरेशन) हवा कमी करणं आणि इंजिन बंद होताना हादरा न बसू देणं. फ्लॅपचा सेन्सर गेला तर दिवा लागतो, ईजीआर बंद होतो, डीपीएफचं रिजनरेशन अडतं, गाडी थोडी मंद होते. पेडलचा सेन्सर गेला तर मात्र आरपीएम एका जागी अडकतात आणि पाय दाबून काही होत नाही. दोन्ही वेळा 'थ्रॉटल गेला' असंच म्हटलं जातं, म्हणून कोड बघितल्याशिवाय पार्ट मागवू नये.

वायरिंग_पेटी

आता तपासणी. ज्या क्रमाने सांगतोय त्याच क्रमाने करा, कारण आधीच्या पायरीवर दोष असेल तर पुढचं माप खोटं येतं.

कोड उडवायच्या आधी फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणी ईसीयूने साठवलेली मापं लिहून घ्या: आरपीएम, इंजिनाचं तापमान, गाडीचा वेग, एमएपी. इंजिन ९० अंशांवर असताना ताशी ५० ला कोड पडला असेल तर थंड गाडी उभी करून मीटर लावल्यावर काही सापडणार नाही.

मग की ऑन, इंजिन बंद, कपलर लावलेलाच. कपलरच्या मागून रबराच्या शेजारून बारीक टाचणी आत सरकवा. वायरीचं इन्सुलेशन भोसकू नका, त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. ५ व्होल्टची वायर आणि सेन्सरचा अर्थ यांत ४.९ ते ५.१ यायला हवेत. शून्य किंवा एखाददोन व्होल्ट आले तर लगेच ईसीयू गेला म्हणू नका. ही ५ व्होल्टची लाइन एमएपी, एसीच्या गॅसचा प्रेशर सेन्सर, कधी पेडल अशा अनेकांना मिळून असते आणि त्यातला एक आत शॉर्ट झाला की सगळे आडवे होतात. पी०६४१ (सेन्सरच्या ५ व्होल्ट पुरवठ्याचा कोड) सोबत असेल तर हेच. एकेक कपलर काढत जा, ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तो दोषी.

पुढे अर्थ. मीटरची काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल सेन्सरच्या अर्थच्या पिनेला, की ऑन. ५० मिलिव्होल्टपर्यंत ठीक. १०० च्या वर गेलं तर अर्थच्या वाटेत कुठेतरी रेझिस्टन्स आहे, आणि तेवढंच सिग्नलमध्ये मिसळतं. अर्थ पूर्ण तुटला तर सिग्नल ५ कडे चढतो आणि पी०१२३ येतो. म्हणजे 'वरचं व्होल्टेज' असा कोड आला तरी दोष अर्थचा असू शकतो. ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि सगळ्यात जास्त वेळा हीच राहून जाते.

त्यानंतर सिग्नल. बंद प्लेटपासून पूर्ण उघडेपर्यंत इतक्या सावकाश न्या की दहा-पंधरा सेकंद लागतील, मग तितक्याच सावकाश परत. डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, बारीक खड्डा त्यात दिसत नाही. जुना काट्याचा मीटर असेल तर तो काढा. काटा एकसारखा चढायला हवा, मध्येच थरथरला किंवा मागे पडला तर तिथेच पट्टी कापलेली. ऑसिलोस्कोप असेल तर प्रश्नच नाही, सरळ तिरकी रेघ आणि त्यात खाली कोसळणारा दात लगेच दिसतो. पहिल्या पाव भागात तीनचार वेळा पुढेमागे करा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सेन्सरवर हलकं ठोका. हेअर ड्रायरने गरम करूनही बघा. मे महिन्यात इथे पारा ४२ च्या पुढे जातो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त, आणि कितीतरी दोष फक्त गरम असतानाच उघडे पडतात.

सेन्सरपर्यंत सगळं बरोबर असेल तर ईसीयूपर्यंतची वायर. केबलच्या गाडीत कपलर काढा, १ किलोओहमचा रेझिस्टर घेऊन कपलरमधल्या ५ व्होल्ट आणि सिग्नलच्या पिना जोडा. स्कॅनरवर सिग्नल ५ च्या जवळ गेला आणि तोच रेझिस्टर सिग्नल ते अर्थ जोडल्यावर तळाला आला तर वायर आणि ईसीयू दोन्ही ठीक. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलवर हा प्रयोग करू नका. आणि कुठल्याच ५ व्होल्टच्या लाइनवर बल्बचा टेस्टर लावू नका, तेवढा करंट द्यायला ती लाइन बनलेलीच नाही.

पाना_दहा_बारा

सगळं पटलं, एक भर. बरेच जण सेन्सर काढून ओहममध्ये मोजतात. पट्टीच्या सेन्सरला ते चालतं, दोन टोकांमध्ये बहुतेक २ ते ५ किलोओहम मिळतात, नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकातला. पण आताचे कितीतरी सेन्सर हॉल इफेक्टचे आहेत, आत पट्टीच नाही, चुंबक आणि चिप आहे. त्यांना ओहम लावून काहीच अर्थ निघत नाही. ते ५ व्होल्ट देऊनच तपासायचे, आणि १२ व्होल्ट चुकून लागले की चिप गेली.

सीएनजी बसवलेल्या जुन्या गाड्यांत आधी टीपीएसच्या वायरीवरचा जोड शोधा. जुन्या किटला टीपीएसचा सिग्नल लागायचा आणि तो मूळ वायर सोलून, पिळून, वर टेप गुंडाळून घेतलेला असतो. दोन उन्हाळ्यांत टेपचा गोंद पातळ होतो, जोड सैल पडतो आणि तांबं काळं होतं. तो जोड कापा, सोल्डर करा, वर हीट श्रिंक चढवा. किट काढून टाकलं असेल तर लोंबती शाखा तशीच ठेवू नका.

कपलरचं म्हणाल तर इंजिन प्रेशरने धुतल्यावर येणारे कोड वेगळेच ओळखू येतात, दोन दिवस मस्ती करून आपोआप जातात आणि मग महिन्याभराने कायमचे येतात. बोअरचं जड पाणी पिनेवर सुकलं की पांढरा थर राहतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिनेची पकड तपासा. सैल झालेली मादी पिन नुसती साफ करून उपयोग नाही, ती बदलावी किंवा जपून आवळावी लागते. उंदरांनी कुरतडलेली वायर हार्नेसच्या खालच्या बाजूला असते, आरसा धरून बघा.

होटगी_रोड

थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर आरपीएम वाढून बसतात, ते सेन्सरमुळे का?

पाना_दहा_बारा

सेन्सर ठीक असतो. प्लेटच्या कडेला कार्बन साचत गेला तसा ईसीयू आयडलसाठी प्लेट थोडी जास्त उघडायला शिकत गेला. कार्बन निघाला, पण शिकलेलं उघडणं तसंच आहे, म्हणून हवा जास्त. स्कॅनरमधून थ्रॉटलचं अ‍ॅडॅप्टेशन करा, म्हणजे ईसीयूला ते नव्याने शिकवा. ज्या गाडीत स्कॅनरशिवाय करायची सोय आहे तिथे की ऑन करून पेडलला हात न लावता थांबायचं, मग की ऑफ, असा ठरावीक क्रम असतो. तो मॉडेलप्रमाणे बदलतो, पुस्तकातून घ्या. बॅटरी १२ व्होल्टच्या खाली असेल तर अ‍ॅडॅप्टेशन अर्ध्यावर तुटतं, आधी चार्ज करा.

साफ करताना थ्रॉटल बॉडीचाच क्लीनर घ्या, तोही कापडावर मारून. दांड्याच्या बेअरिंगमध्ये फवारा गेला की तो सेन्सरच्या बाजूला उतरतो. काही प्लेटांच्या कडेला कारखान्यातला लेप असतो, दिसायला काळा, आणि कार्बन समजून तो खरवडला जातो. इलेक्ट्रॉनिक प्लेट की ऑन असताना बोटाने ढकलू नका. मोटर उलट जोर लावते, प्लास्टिकचे दात मोडतात, आणि बोटही सापडतं.

सात_रस्ता

तुळजापूरच्या घाटात किंवा पुणे हायवेला ओव्हरटेक करताना लिम्प मोड आला, म्हणजे ईसीयूने ताकद काढून घेतली, तर काय करायचं? घरच्यांना सांगता येईल असं सांगा.

वायरिंग_पेटी

पाय रेसवर दाबून ठेवू नका, त्याने ताकद येत नाही. हॅझार्ड लावा, आरसा बघून डावीकडे या. इंजिन चालू आहे तोवर ब्रेक आणि स्टीअरिंगची मदत पूर्ण मिळते, म्हणून धावत्या गाडीत की बंद करू नका. उभं राहिल्यावर की ऑफ, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा सुरू करा. पुष्कळदा गाडी नॉर्मल होते, कारण ईसीयू प्रत्येक की ऑनला चाचणी नव्याने करतो. नॉर्मल झाली म्हणजे दोष गेला असं नाही, तो पुढच्या खड्ड्यात परत येऊ शकतो. घाट चढत असाल तर परत फिरून खाली यावं, ओव्हरटेक तर अजिबात करू नये. १२०० आरपीएमवर पहिल्या गिअरला सपाटीवरून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं, भरलेल्या गाडीने चढावर नाही.

कॅलिब्रेशन_टेबल

शेवटचं, दुरुस्ती झाल्यावरचं. दिवा विझला म्हणजे काम झालं असं धरू नका. ओबीडीच्या (गाडीच्या स्वतःच्या दोष-तपासणीच्या) नियमाप्रमाणे सलग तीन ड्रायव्हिंग सायकलमध्ये दोष दिसला नाही तर दिवा आपोआप विझतो, आणि कोड मेमरीत राहून ४० वॉर्म-अप सायकलनंतर (इंजिन थंडाचं गरम होण्याच्या फेऱ्या) पुसला जातो. उलट पी०१२१ सारखा ताळमेळाचा कोड दिवा लावायला बहुधा दोन सायकल घेतो. म्हणून कोड उडवून गाडी लगेच परत दिली तर दिवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच लागणार.

कोड उडवल्यावर चाचणी पुरी होईल अशी गाडी चालवा. इंजिन पूर्ण गरम करून पाच मिनिटं आयडल, मग गावाबाहेर बाळ्याच्या पुढे मोकळ्या रस्त्याला ताशी ५०-६० ला स्थिर पाय ठेवून काही किलोमीटर, मग पाय पूर्ण काढून गिअरमध्येच वेग उतरू द्यायचा, असं तीनचार वेळा. परत आल्यावर स्कॅनरमध्ये पेंडिंग कोडची (नोंदलेले, पण अजून दिवा न लावलेले) यादी उघडा. दिवा नसला तरी पी०१२१ तिथे बसलेला असेल, तर आता टीपीएस सोडा आणि थ्रॉटल आणि इंजिन यांच्यामध्ये चोरून शिरणारी हवा शोधा: फाटलेला व्हॅक्यूम पाइप, ब्रेक बूस्टरची नळी, मॅनिफोल्डचं गॅस्केट. बंद प्लेटला न मोजलेली हवा आत येत असेल तर एमएपी जास्त दाखवतो, टीपीएस खरं तेच सांगत असतो, आणि कोड मात्र टीपीएसच्या नावाने पडतो.